कान, बॅकपास आणि ३० जून

बोर्डावर विषय लिहिलाय 'बॅकपासच्या नियमानं जर्मन गोलकीपर कसा बदलला', आणि तो मीच सुचवलाय, त्यामुळे कंटाळा आला तर शिव्या मलाच घाला, आयोजकांना नको. पुढच्या दोन रांगांत कोल्हापूरची मंडळी दिसतायत म्हणजे ऑफसाइड काय नि पेनल्टी काय हे सांगत बसायचा प्रश्न नाही, उलट तेच मला मध्येच उठून दुरुस्त करतील अशी भीती आहे. बाकीचे जे नुसते जर्मनीचं नाव वाचून आलेत त्यांनी शेजारच्या कोल्हापूरकराला हळू आवाजात विचारावं. तो हळू आवाजात सांगणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण शेवटी वेळ उरत नाही हा दरवेळचा अनुभव आहे. ऑलिव्हर कान हा जुन्या नियमात घडलेला शेवटचा मोठा जर्मन गोलकीपर. नव्या नियमानं त्याला एक टायटल हातात आणून दिलं आणि पाच वर्षांनी त्याच नियमानं त्याची जागा काढून घेतली. हो, कान. हसून घ्या एकदाच, नंतर सारखं सारखं नको.

तर नियम कुठला? १९९२ च्या उन्हाळ्यापर्यंत काय होतं की डिफेंडरला जरा प्रेशर आलं की तो बॉल मागे कीपरकडे सरकवायचा, कीपर तो हातात घ्यायचा, छातीशी धरायचा, दोन टप्पे पाडायचा, परत डिफेंडरला द्यायचा, आणि तो परत मागे. एक गोल पुढे असलात की शेवटची दहा मिनिटं हाच उद्योग. १९९० चा इटलीतला वर्ल्ड कप ज्यांनी बघितलाय त्यांना आठवत असेल, ५२ मॅचमध्ये ११५ गोल, म्हणजे मॅचला सव्वादोनसुद्धा नाहीत. ९२ च्या युरोमध्ये डेन्मार्कनं फायनलला जर्मनीलाच २-० हरवलं, तेव्हाही त्यांच्या कीपरकडे, श्मायकलकडे, मागे येणारे बॉल बघून लोक वैतागले होते. त्यानंतर लगेच नियम लागू झाला की आपल्या माणसानं मुद्दाम पायानं दिलेला बॉल कीपरनं हातात घ्यायचा नाही, घेतला तर समोरच्यांना तिथूनच इनडायरेक्ट फ्री किक, म्हणजे दुसऱ्या कुणाचा पाय लागल्याशिवाय गोल धरत नाहीत अशी. वाचायला दोन ओळी, पण जगातल्या प्रत्येक गोलकीपरला त्या दिवशी कळलं की आपल्याला दोन पायही आहेत.

कान तेव्हा २३ वर्षांचा होता. जन्म १५ जून १९६९, गाव कार्ल्सरूहे, वडील रोल्फ कानही त्याच कार्ल्सरूहर क्लबकडून खेळलेले, पोरगा लहानपणापासून तिथंच. बुंडेसलिगातली पहिली मॅच नोव्हेंबर १९८७ मध्ये, कोलोनविरुद्ध, आणि चार गोल खाल्ले. मग परत बेंचवर. रेग्युलर झाला १९९० च्या सुमारास, विनफ्रीड शेफर कोच असताना. म्हणजे बघा, ज्या वयात सवयी हाडात मुरतात ती सगळी वर्षं जुन्या नियमाखाली गेली. लाइनवर उभं राहायचं, आपले सहा यार्ड आपले, येणारा बॉल अडवायचा, मागे आलेला उचलायचा, आणि बाकीचं जग डिफेंडरांनी सांभाळायचं. आणि या कामात तो अचाट होता. १९९३ मध्ये यूएफा कपला कार्ल्सरूहे व्हॅलेन्सियात ३-१ हरून आले आणि घरच्या मैदानावर त्यांना ७-० मारलं, एडगर श्मिटनं एकट्यानं चार. ती टीम सेमीफायनलपर्यंत गेली. पुढच्याच वर्षी बायर्न म्युनिकनं कानला उचललं, तेव्हा गोलकीपरसाठी जर्मनीत कुणी एवढे पैसे दिले नव्हते. गेल्या गेल्या काही महिन्यांत गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, अर्धा सीझन गेला. पण तिथं त्याला कोच मिळाला सेप मायर, १९७४ चा वर्ल्ड चॅम्पियन गोलकीपर, म्हणजे जुन्या शाळेचा हेडमास्तरच.

आता ३० जूनचं सांगतो. मी ज्योतिष बघत नाही, माझ्या पत्रिकेत काय लिहिलंय तेही मला माहीत नाही, पण जर्मनीचे गोलकीपर आणि ३० जून ही तारीख यांचं काहीतरी आहे. पहिली ३० जून १९९६ ची. वेम्बली, युरो फायनल, चेक रिपब्लिकविरुद्ध, बियरहॉफचा गोल्डन गोल, म्हणजे जादा वेळेत पडला की तिथंच मॅच संपवणारा. गोलमध्ये आंद्रेयास कोपके, कान बेंचवर. कोपके हे नाव लक्षात ठेवा, नंतर येणार आहे. गंमत अशी की जर्मनीचे इतके खेळाडू जखमी झाले होते की यूएफानं त्यांना आयत्या वेळी एक जादा माणूस, येन्स टोड्ट, बोलवायला परवानगी दिली, आणि कान आणि रेक या दोन रिझर्व्ह कीपरांसाठी चक्क मैदानी खेळाडूंचे शर्ट छापून ठेवले होते, की अगदीच वेळ आली तर उतरवा यांना पुढे. कल्पना करा, कान स्ट्रायकर! ज्याला पुढे 'पायानं खेळत नाही' म्हणून बाजूला केलं त्याच्यासाठी दहा वर्षं आधी पायानं खेळायचा शर्ट इस्त्री करून तयार होता. वेळ आली नाही, चेक लोक वाचले.

आता माझी आवडती गोष्ट. जे मला ओळखतात त्यांनी ही ऐकलीय, त्यांनी मोबाइल बघितला तरी चालेल.

साल २००१. सुरुवात मार्चमध्ये, रोस्टॉक. बायर्न ३-२ नं मागे, मॅच संपत आलेली, कॉर्नर. कान धावत धावत समोरच्या बॉक्समध्ये. बॉल हवेत आला आणि यानं काय करावं, दोन्ही मुठींनी असा सणसणीत पंच मारला की बॉल थेट जाळ्यात. हो, विरुद्ध टीमच्या जाळ्यात! मॅचमधलं दुसरं यलो कार्ड, म्हणजे रेड, चला बाहेर. नंतर तो म्हणाला की मला वाटलं पेनल्टी बॉक्समध्ये गोलकीपरला हात चालतो. आता हा विनोद त्यानंच केला पण मला विचाराल तर त्या विनोदात सगळं आलं. त्या माणसाचं शरीरच तसं शिकलेलं होतं, बॉल दिसला की हात. (हशा) नाही, हसू नका, हा माझा मुख्य पुरावा आहे.

मग आला १९ मे. शनिवार, सीझनचा शेवटचा दिवस, सगळ्या मॅच एकाच वेळी सुरू. बायर्न हॅम्बुर्गमध्ये, त्यांना नुसता ड्रॉ पुरेसा. मागे तीन पॉइंटवर शाल्के, त्यांचा गोलफरक चांगला, ते घरी गेल्सनकिर्शेनला अंटरहाखिंगविरुद्ध, जुन्या पार्कस्टेडियमवरची त्यांची शेवटची बुंडेसलिगा मॅच. शाल्केला लीग जिंकून तेव्हा ४३ वर्षं झाली होती, १९५८ पासून. आधी मागे पडले, मग ५-३ जिंकले. इकडे हॅम्बुर्गमध्ये ०-० चाललंय, बायर्न निवांत, आणि ९० व्या मिनिटाला बार्बारेझचं हेडर, कान बघत राहिला, १-०. तिकडे शाल्केची मॅच संपली, लोक मैदानात घुसले, रडतायत, मिठ्या मारतायत, टीव्हीच्या रिपोर्टरनं सांगून टाकलं की हॅम्बुर्गचीही मॅच संपली, तुम्ही चॅम्पियन. फटाके सुद्धा उडाले. आणि संपली नव्हती!

इकडे बायर्नचे लोक जमिनीवर बसले होते. विचार करा, दोनच वर्षांपूर्वी बार्सिलोनात मँचेस्टर युनायटेडनं याच लोकांकडून इंजुरी टाइममध्ये दोन गोल मारून कप हिसकावलेला, शेरिंगहॅम आणि सोल्शार, त्याची जखम अजून ओली. कोणीही म्हटलं असतं की चला, नशिबातच नाही. कान गोलमधून बाहेर आला, कुफूरला खाली बसलेला उचलून उभा केला, आणि ओरडत सुटला, पुढे, पुढे चला. 'वायटर, इमर वायटर' हे त्याचं वाक्य पुढे टी-शर्टवर आलं, पुस्तकात आलं, कंपन्यांच्या सेल्स मीटिंगमध्ये आलं, आणि तिथं त्याचं जे व्हायचं ते झालं. पण मूळ प्रसंग हा, बघितलात तर अजूनही अंगावर काटा येतो.

आणि मग काय झालं? इथं माझा आवाज चढतो, सांभाळून घ्या. हॅम्बुर्गच्या बॉक्समध्ये गडबड, डिफेंडर उफालुशीचा पाय लागून बॉल मागे गेला, आणि हॅम्बुर्गच्या गोलकीपरनं तो हातात घेतला. हातात! रेफरी मार्कुस मेर्कनं शिट्टी मारली, बॅकपास, इनडायरेक्ट फ्री किक. उफालुशीनं मुद्दाम दिला होता की झटापटीत पाय लागला यावर शाल्केवाले आजही भांडतात, मेर्कचं नाव तिथं काढू नका. आणि तो गोलकीपर कोण, मथियास शोबर. मथियास शोबर कुणाचा? शाल्केचा! शाल्केनंच हॅम्बुर्गला लोनवर दिलेला. म्हणजे शाल्केच्या पोरानं शाल्केचं टायटल हातात धरलं, अक्षरशः. जुन्या नियमात त्यानं बॉल उचलला असता, छातीशी धरला असता, शिट्टी झाली असती आणि त्याचीच टीम चॅम्पियन झाली असती. नऊ वर्षं झाली होती नियमाला, पण घाबरलं की माणूस जुन्या सवयीवर जातो.

मग सगळे अकरा हॅम्बुर्गवाले गोललाइनवर भिंत करून उभे, कानही तिथं पोचलेला, ढकलाढकली करतोय, मला तर वाटतं त्याला स्वतःलाच मारायचा होता. बायर्नचा कॅप्टन एफेनबर्ग, त्यानं पॅट्रिक अँडरसनला सांगितलं तू मार. अँडरसन म्हणजे स्वीडनचा डिफेंडर, बायर्नकडून लीगमध्ये त्याचा तोवर एकही गोल नव्हता. एफेनबर्गनं बॉल हलवला, अँडरसननं मारला, इतक्या पायांमधून कुठून तरी वाट काढत जाळ्यात. चौथं जादा मिनिट. कान पळत कॉर्नरला गेला, झेंडा उपटला आणि पाठीवर पडून लहान पोरासारखे हातपाय झाडत राहिला. बायर्न ६३ पॉइंट, शाल्के ६२. चार मिनिटांचे चॅम्पियन म्हणतात त्यांना.

आणि लगेच बुधवारी, २३ मे, मिलानला चॅम्पियन्स लीग फायनल, समोर व्हॅलेन्सिया, तेच ज्यांना कार्ल्सरूहेत सात मारले होते. १-१, पेनल्टी शूटआउट. शनिवारचा हिरो अँडरसन, त्याची पेनल्टी अडवली गेली. सर्जियोनं तर पहिलीच वर मारलेली. तरी जिंकले, कारण कानने तीन अडवल्या, झाहोविच, कार्बोनी, पेलेग्रिनो. कार्बोनीची तर अशी वर ढकलली की बारला लागून बाहेर आली. आणि जिंकल्यावर सगळे पळत सुटलेले असताना हा माणूस व्हॅलेन्सियाच्या कानिझारेसकडे गेला, तो जमिनीवर रडत होता, त्याच्याजवळ बसला. लोक ज्याला गोरिला म्हणून केळी फेकून मारायचे, ज्याला फ्रायबुर्गमध्ये प्रेक्षकातून गोल्फचा बॉल डोक्यात बसून रक्त आलं होतं, जो स्वतः एकदा डॉर्टमुंडच्या हेरलिखच्या मानेला चावायच्या बेतात होता, तोच हा. यूएफानं त्या वर्षी त्याला फेअर प्लेचं बक्षीस दिलं. हेरलिखला काय वाटलं असेल कोण जाणे.

बरं. आता तक्रार. माझी तक्रार अशी की कानचं नाव काढलं की कुठल्याही चॅनलवर, कुठल्याही व्हिडिओत तीच एक क्लिप येते, रिवाल्डोचा शॉट, छातीवरून निसटलेला बॉल, रोनाल्डो, गोल, आणि मग पोस्टला टेकून बसलेला कान. योकोहामा, ब्राझीलविरुद्धची वर्ल्ड कप फायनल. तारीख? ३० जून २००२, म्हणजे दुसरी. रविवार होता, आपल्याकडे संध्याकाळचा चहा चालू होता. मी म्हणत नाही की ती चूक नव्हती, चूक होती, कानही तेच म्हणाला. त्या मॅचमध्ये उजव्या हाताच्या बोटाचं लिगामेंट गेलं होतं, तरी त्यानं ते निमित्त पुढे केलं नाही. पण त्या क्लिपच्या आधीचं कोण दाखवणार? सहा मॅच, एक गोल. एकच! आयर्लंडच्या रॉबी कीननं मारलेला, तोही ९२ व्या मिनिटाला. आणि ती जर्मनीची टीम काही भारी नव्हती हो, सौदीला आठ मारले ते सोडा, नंतर पॅराग्वे १-०, अमेरिका १-०, कोरिया १-०. आदल्याच सप्टेंबरात म्युनिकमध्ये इंग्लंडकडून ५-१ मार खाल्लेली टीम, तिला या माणसानं फायनलपर्यंत नेलं. अमेरिकेविरुद्धची मॅच बघा, पूर्ण बघा, अमेरिका चांगली खेळली आणि हरली, कारण मध्ये कान होता. फायनलला बालाक सस्पेंड. आणि गोल्डन बॉल, म्हणजे स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस, मिळाला कानलाच, २०२२ पर्यंतच्या वर्ल्ड कपांत हे बक्षीस मिळालेला तो एकटा गोलकीपर आहे. स्ट्रायकर दहा चान्स घालवतो, अकरावा मारतो, त्याचा पुतळा उभारतात. कीपरचं गणित उलटं, आणि हे गणित कोणी बदलायला तयार नाही. मी यावर एका पेपरला पत्र पाठवलं होतं, छापलं नाही, असो.

इथं एक बारीक गोष्ट बघा, माझ्या विषयाला लागून आहे. योकोहामाची चूक ही हाताची चूक होती, जुन्या विद्येतली. नव्या नियमानं तिथं काही केलं नाही. लोक म्हणतात कान तिथं संपला. मला वाटत नाही. तो संपला एका मीटिंगरूममध्ये, त्याकडे येतो.

त्याआधी कोलकाता, कारण कुणीतरी विचारणारच. २७ मे २००८, सॉल्ट लेक स्टेडियम, बायर्न विरुद्ध मोहन बागान, कानच्या निरोपाच्या दौऱ्यातली मॅच. बायर्न ३-० जिंकले, मैदानात लाखाच्या वर माणसं. 'मी होतो त्या मॅचला' असं म्हणणारे मला आजवर जेवढे भेटलेत तेवढे त्या स्टेडियममध्ये मावणार नाहीत. सेकंड हाफमध्ये त्याला बाहेर बोलावलं तेव्हा लोक उभे राहिले. तसा रीतसर निरोपाचा सामना सप्टेंबरमध्ये म्युनिकला झाला, पण मला कोलकाताच आवडतं. आणि तारखांचा नाद आहेच तर ऐका, बरोबर पंधरा वर्षांनी, २७ मे २०२३ ला, बायर्ननं त्याला सीईओच्या खुर्चीवरून काढलं, तेही त्याच दिवशी ज्या दिवशी टीमनं कोलोनमध्ये ८९ व्या मिनिटाला गोल मारून लीग जिंकली. शेवटच्या दिवशी, शेवटच्या मिनिटात, त्याच्या आवडत्या पद्धतीनं, आणि हा तिथं नाही!

आली का चिठ्ठी? आपल्या सेक्रेटरींनी पाठवलीय, 'दहा मिनिटे'. चिठ्ठीवरूनच पुढे जाऊ मग.

३० जून २००६, तिसरी. बर्लिन, ऑलिम्पिक स्टेडियम, वर्ल्ड कप क्वार्टरफायनल, जर्मनी अर्जेंटिना १-१, पेनल्टी. गोलमध्ये येन्स लेमान. कान बेंचवर, आणि शूटआउटच्या आधी तो उठून लेमानकडे गेला, हात मिळवला, काहीतरी बोलला. या दोघांचं कधीच पटलं नव्हतं, सगळ्या देशाला माहीत होतं. गोलकीपर कोच कोण, तर तोच कोपके, १९९६ चा. त्यानं हॉटेलच्या कागदावर पेन्सिलनं अर्जेंटिनाच्या सात जणांची नावं नि कोण कुठं मारतो ते लिहून दिलं, लेमाननं ते सॉक्समध्ये खोचलं. सातातले मारायला आले फक्त दोन, आयाला आणि मॅक्सी रॉड्रिगेझ. रिकेल्मे आणि क्रेस्पो आधीच बदलले गेलेले, मेस्सी तर उतरलाच नव्हता. शेवटी कांबियासो आला, त्याचं नाव कागदावर नाहीच. लेमाननं तरी कागद काढून नीट वाचल्यासारखं केलं, कांबियासोनं ते बघितलं, मारली, अडवली. तो कागद पुढे चॅरिटीसाठी दहा लाख युरोला गेला आणि आता बॉनच्या म्युझियममध्ये आहे. सेक्रेटरीसाहेब, तुमची ही मी जपून ठेवतो.

आता मुख्य मुद्दा, जो बोर्डावर आहे, पळत पळत.

लेमान का? क्लिन्समान २००४ मध्ये जर्मनीचा कोच झाला, त्यानं मायरला काढलं, कोपकेला आणलं, आणि एप्रिल २००६ मध्ये जाहीर केलं की पहिला कीपर लेमान. लोक म्हणाले राजकारण. थोडं असेलही. पण मैदानावरचं कारण बघा. जर्मनीत कितीतरी वर्षं लिबेरो होता, डिफेन्सच्या मागे एक मोकळा माणूस, स्लिपच्या मागे थर्डमॅन ठेवावा तसा, सुटलं ते त्यानं गोळा करायचं. बेकनबावर, मग माथेउस, मग झामर. युरो २००० ला ३९ वर्षांचा माथेउस अजून लिबेरो खेळत होता, आणि जर्मनी गटातच शेवटून पहिले. २००२ लाही तिघांच्या मध्ये रामेलो मागे उभा. लिबेरो असला की कीपरनं बाहेर यायचं कारणच नाही. बाकी युरोपात १९९२ चा नियम आला आणि कीपर पुढे सरकू लागले, जर्मनीत लिबेरोनं तो धक्का दहाएक वर्षं झेलला. म्हणून कान एवढा टिकला, आणि म्हणून तो जाताना एकदम गेल्यासारखा वाटला. क्लिन्समान आणि त्याचा असिस्टंट लोव्ह यांनी चौघांचा डिफेन्स वर चढवला, मागे तीस-चाळीस मीटर मैदान रिकामं. ते कोण झाडणार? आर्सेनलमध्ये लेमान तेच करत होता, २००३-०४ ला ३८ च्या ३८ मॅच, एकही हरले नाहीत. त्याची किंमतही त्यानं दिली, मे २००६ ची पॅरिसची चॅम्पियन्स लीग फायनल, एटोवर धावून बाहेर आला आणि १८ व्या मिनिटाला रेड. तसल्या फायनलमध्ये बाहेर काढलेला पहिला खेळाडू. कान त्या बॉलला बाहेर आलाच नसता, गोल खाल्ला असता किंवा अडवला असता, पण अकरा राहिले असते.

आता कोल्हापूरकडून प्रश्न येणार की लेमान तर कानपेक्षा फक्त पाच महिन्यांनी लहान, तोही जुन्याच नियमात वाढला, मग तुमची थिअरी कुठं राहिली? बरोबर आहे. पण लेमान सुरुवातीपासून बाहेर भटकणाराच, १९९७ मध्ये शाल्केकडून डॉर्टमुंडविरुद्ध शेवटच्या मिनिटाला हेडरनं गोल मारलाय त्यानं, चालू खेळात असा गोल मारणारा बुंडेसलिगातला पहिला कीपर. कानही त्या बॉक्समध्ये गेला होता, रोस्टॉकला, काय केलं ते सांगितलंच. नियम सगळ्यांना सारखा लागतो, पण तो सोसतो कुणाला हे ज्याच्या त्याच्या स्वभावावर. आणि लेमान हा पूल होता, पलीकडचा काठ नव्हे.

काठ म्हणजे मानुएल नॉयर. १९८६ चा, गेल्सनकिर्शेनचा, नियम आला तेव्हा सहा वर्षांचा. त्याला बॅकपास हातात घेता येतो हे माहीतच नाही. २००० च्या नाचक्कीनंतर जर्मनीनं बुंडेसलिगाच्या क्लबांना अॅकॅडमी सक्तीच्या केल्या, त्या सगळ्या पिढीबरोबर तो वर आला, शाल्केतून. २०११ मध्ये बायर्ननं घेतला तर बायर्नच्याच गॅलरीत नको नकोचे बोर्ड, ते राहू दे, लांबेल. आणि मग ३० जून २०१४, चौथी, पोर्तो अलेग्रे, अल्जीरियाविरुद्ध. लोव्हनं डिफेन्स इतका वर ठेवला होता की अल्जीरियाचे लोक सारखे मागे सुटत होते, आणि दरवेळी नॉयर बॉक्सच्या बाहेर, पायानं, डोक्यानं, स्लाइड करून. बॉक्सबाहेर वीसेक वेळा बॉलला लागला तो. जर्मनी एक्स्ट्रा टाइममध्ये २-१, दोन आठवड्यांनी वर्ल्ड चॅम्पियन. त्या रात्री गोलमध्ये २००२ चा कान असता तर? हात त्याचे नॉयरपेक्षा चांगले होते असं मी अजूनही मानतो, भांडायला तयार आहे. पण त्या मॅचमध्ये हातांना कामच कमी होतं, आणि सहा यार्डांच्या आत थांबणाऱ्याला अल्जीरियानं हाफटाइमच्या आत दोन मारले असते.

आणि कानचं शेवटचं? ८ जुलै २००६, श्टुटगार्ट, पोर्तुगालविरुद्ध तिसऱ्या नंबरची मॅच, क्लिन्समाननं त्याला गोलमध्ये उभं केलं, कॅप्टनचा पट्टा दिला, ३-१ जिंकले, ८६ वी आणि शेवटची. बायर्नकडे अजून दोन वर्षं खेळला, लीगमध्ये एकूण ५५७ मॅच, आठ टायटल. टेर श्टेगन राहिला, पूर्व जर्मनीचे कीपर राहिले, पेनल्टी मारणारा बुट राहिला, ते चहाच्या वेळी.

दुसरी चिठ्ठी आली. हां, कोल्हापूर, तुमचा हात मघापासून वर आहे, बोला.